मंगळवार, सकाळी दहा

कुमुदबाई गेल्याचं मला मढच्या धक्क्यावर कळलं. शाळेचा शिपाई म्हणाला, "आपल्या दातवाल्या बाई गेल्या गं." टोपली खाली ठेवली आणि मनात पहिलं हेच आलं... आता माझ्या रीटाच्या दाढेचा जाब कोणाला विचारू?

गोष्ट सदुसष्ट-अडुसष्टची. रीटा नऊ वर्षांची होती. दाढ किडून गाल सुजला होता. अंधेरीच्या दवाखान्यात शाळकरी पोरांसाठी कुमुदबाई दर पंधरा दिवसांनी मंगळवारी सकाळी दहाला बसत. अमावास्या-पुनवेचं उधाणही पंधरा दिवसांनीच येतं, भरती दुपारी बाराच्या सुमारास. त्या हंगामात दोन्ही एकाच दिवशी पडत, आणि भरल्या होड्या नेमक्या त्या भरतीलाच किनाऱ्याला लागत. मासळी निवडायची सोडून पोरीला खाडीपलीकडे नेणार कोण? तीन पाळ्या हुकल्या आणि तिचं नाव कापलं. मी तिला घेऊन भांडायलाच गेले.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला पोरीपेक्षा मासळी प्यारी?"

"मंगळवार तुमचा, बाई. आमचा वार दर्या ठरवतो. अष्टमीच्या आसपास बोलवा. तेव्हा भांग असतो. पाण्याला ओढ नाही, जाळ्यात मासळी नाही, आमचे हात मोकळे."

"नियम सगळ्यांना सारखा."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुठल्याशा बंगल्यातली आई होती. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "घरी लग्न आहे का? मग गुरुवारी आणा ना मुलीला."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाढ मात्र काढावीच लागली... पुन्हा न येणारी.

महिनाभराने शाळेत बाईंची चिठ्ठी आली, 'भांग कोणत्या तारखेला?' तेव्हापासून सात वर्षं, अगदी गेल्या महिन्यापर्यंत, त्या बॅग डोक्यावर धरून, साडी वर खोचून चिखलातून मढला येत राहिल्या. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून पोरांचे दात बघत. जाताना बोंबलाच्या भावावरून माझ्याशी कचाकचा भांडत, पण त्या मंगळवारबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीही माफ केलं नाही. रीटा अजून एकाच बाजूने चावते.

परवा त्यांच्या घरी गेले. धाकट्या बहिणीने दारामागचं कॅलेंडर दाखवून विचारलं, "हे निळे गोल कसले हो? आम्हाला कोणालाच कळेना." प्रत्येक अष्टमीवर एक गोल होता... पार डिसेंबरपर्यंत.

पुढचा गोल येत्या गुरुवारी आहे. व्हरांड्यात खुर्ची तशीच आहे आणि आमचे हात मोकळे आहेत.