शिसं काय, घरचंच!

यासीनभाई गेल्याचं त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनीच फोन करून सांगितलं. मी तेव्हा कुवेतच्या राई भागातल्या एका गोदामात काडतुसांची खोकी ताब्यात घेत होतो. तयार, कारखान्यातून आलेली काडतुसं. "भाऊ, गेले हो हे... पहाटेच गेले," म्हणाल्या आणि मग बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. समोरचा हमाल सहीसाठी कागद नाचवत होता. त्याच्यावर मी उगाच खेकसलो.

कुवेतच्या ज्या नेमबाजी क्लबात मी खरेदीचं काम बघतो, तिथे यासीनभाई काडतुसं भरायचे. मी नाशिकचा, ते रत्नागिरीकडचे, किनाऱ्यावरचे. बरीच वर्षं आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहिलो. उडवलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल घ्यायचं, बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू घालायची, छर्रे ओतायचे, तोंड मिटायचं. विकतच्या काडतुसापेक्षा हे स्वस्त पडतं, म्हणून क्लबनं एक खोली या कामाला दिली होती. खोली कसली, खिडकी नसलेला डबा! पण यासीनभाई तिला "माझं ऑफिस" म्हणायचे आणि मी गेलो की स्टूल पुसून द्यायचे.

मग भाव चढायला लागले. आधी प्रायमर, मग दारू, मग छर्रेसुद्धा. फोन केला की दुकानदार म्हणायचा, आज घ्या, उद्याचं मी सांगत नाही. माल बंदरात अडकायचा आणि सुटला की आणखी महाग होऊन यायचा. शेवटी आमच्या मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "असंच चाललं तर तयार माल परवडेल. खोली बंद करू." खोली बंद म्हणजे यासीनभाईंचा अकामा, राहायचा परवाना रद्द, म्हणजे इथला मुक्काम संपला. या वयात त्यांना गावच्या बोटीवर तरी कोण घेणार होतं?

तोडगा त्यांनीच काढला. मैदानातल्या वाळूत वर्षानुवर्षांचे छर्रे पडलेले. ते चाळायचे, धुवायचे, वितळवून पुन्हा छर्रे पाडायचे. मुदीर खूश! फुकटचं शिसं! घरी आल्यावर मी म्हटलं, "यासीनभाई, शिसं विषारी असतं. नको ते." त्यावर हे हसले. "अहो, शिसं काय, घरचंच! जाळ्याला लावायच्या गोळ्या आम्ही चुलीवर ओतायचो. दोरीवर दातानं दाबून बसवायचो. माझा बाप जन्मभर तेच करत आला, त्याला काय झालं?" आता याच्यापुढे काय बोलणार! तो किनारा होता, उघडं अंगण होतं, वारा होता. इथे बंद दार, फुल्ल एसी आणि त्यातच गॅसची शेगडी. धूर ओढायच्या पंख्यासाठी मी मुदीरच्या किती मागे लागलो... "पुढच्या बजेटमध्ये बघू." मास्क आणून दिला, तो खिळ्याला लटकत राहिला. दुपारी तिथेच, हात पँटला पुसून, खुबूसची रोटी आणि तळलेला मासा.

पुढे पोट दुखायला लागलं. अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या खाल्ल्या. जिभेवर पत्र्याची चव येते म्हणाले. मग एकदा सकाळी चहाचा ग्लास हातातून सुटला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मनगट वर उचलेना. ओढत जाब्रियाच्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा रक्तात शिसं निघालं, आणि तोवर मूत्रपिंडं कामातून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे काम करायला कुणी सांगितलं?" यासीनभाई मान ताठ करून म्हणाले, "कुणी नाही. माझी आयडिया." मुदीरला वाचवलं त्या माणसानं! मला इतका संताप आला, की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

क्लबनं तिकीट काढून त्यांना घरी पाठवलं. पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. पुढच्याच आठवड्यात मुदीरला तयार काडतुसांचा स्वस्त पुरवठादार मिळाला आणि खोलीला कुलूप लागलं. आता तिथे खुर्च्या रचून ठेवल्यात. त्या दिवशी फोन ठेवताना जुबेदाभाभींनी विचारलं, "भाऊ, ती खोली चालू आहे ना? सारखे विचारायचे." मी "नाही" म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. "मग कशापायी हो..." म्हणाल्या.

आमच्या फ्लॅटचा पडदा एसीच्या वाऱ्यानं सारखा उडायचा, माझी झोप मोडायची. म्हणून यासीनभाईंनी एका सुट्टीत गावाहून जाळ्याच्या गोळ्या आणल्या आणि पडद्याच्या खालच्या दोरीला एकेक करून बसवल्या. पक्कड शेजारीच पडली होती. पण नाही, दातानंच! नवा रूममेट परवा म्हणाला, "काका, हे शिसं आहे ना? काढून टाका." मी ऐकलं नाही. रोज सकाळी पडदा सारताना बोट त्या गोळ्यांवर जातं, त्यांच्या दातांची खूण लागते. गोळ्या मी काढणार नाही.

पडदा सारून झाला की मात्र आधी साबणानं हात धुतो, मगच चहा घेतो.