मेदानचा होकार

जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'इंगीह' म्हणतात. त्याचा अर्थ 'हो' असा आहे खरा. पण बहुतेक वेळा 'तुमचं बोलणं कानावर आलं' एवढाच.

शेजारचे बापाक विग्न्यो, म्हणजे विग्न्यो सर, विद्यापीठात तीस वर्षं वर्तमानपत्राची पानं लावायला शिकवत आले. खिशात पोलादी पट्टी आणि मथळ्याची अक्षरं बोटांवर मोजायची सवय. बातमीतल्या प्रत्येकाला नावाचं स्पेलिंग विचारायचा त्यांचा हट्ट एवढा, की स्वतःच्या लग्नपत्रिकेच्या वेळी त्यांनी सासऱ्यांनाही दोनदा विचारलं होतं.

नव्या विभागप्रमुख इबू तिउर्मा, म्हणजे तिउर्मा बाई, दूर सुमात्रातल्या मेदान शहरच्या, रोखठोक. अभ्यासक्रम बदलताना त्यांनी पानं लावण्याचा विषयच काढून टाकला.

"बापाक, त्याऐवजी मोबाइलवरची पत्रकारिता शिकवाल?"

"इंगीह."

इबूंनी वेळापत्रक लावून टाकलं.

मी शाळामास्तर. संध्याकाळी बापाक माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. "पाक गुरू, मला फोनवर फोटो काढताना बोटच येतं मध्ये."

"मग नाही म्हणायचं."

"म्हणालो की. इंगीह म्हणालो."

"बाई मेदानची आहे," आतून माझी बायको म्हणाली. "तिला 'नाही' कळायला 'नाही'च लागतं."

हा वर्ग जमला नाही तर बापाकना निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी बसावं लागणार होतं. आणि घरी त्यांच्या टेबलावर त्यांच्या पत्नीने शिलाई मशीन कुठे बसेल तेही मापून ठेवलं होतं.

पहिल्याच तासाला 'रात्री' नावाच्या मुलीने फोन पुढे केला. भाजीबाजाराचं छप्पर कोसळल्याचा व्हिडिओ. चाळीस हजार लोकांनी पाहिलेला.

"ही टोपलीवाली कोण?" बापाकनी विचारलं.

"काय माहीत. पुढे पाठवलेला आहे, बापाक."

"मग विचारून या. स्पेलिंगसकट."

बाजार दोन गल्ल्यांवर. मुलं कुरकुरत गेली. छप्पर जागेवर होतं. केळीवालीने व्हिडिओ पाहून सांगितलं, "हा माझ्या मामाच्या गावचा बाजार. तीन वर्षं झाली याला." मुलांनी तिलाच बोलतं करून नवा व्हिडिओ केला. बापाकनी फोनवर पट्टी ठेवली. "मथळा बाहेर जातोय. दोन अक्षरं कमी करा."

सहामाही संपली तेव्हा त्या वर्गात बसायला जागा नव्हती.

"बापाक, पुढच्या वर्षीही शिकवाल ना?" इबूंनी विचारलं.

"इंगीह."

इबू वेळापत्रकावर खूण करणार होत्या. पण एव्हाना त्यांनाही सोलोत सहा महिने झाले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे 'इंगीह' कोणतं? होकाराचं, की नुसतं कानावर आल्याचं?"

बापाकनी बोटांवर अक्षरं मोजली.

"मेदानचं," ते म्हणाले.