ब्रेक नसलेल्या गाडीत बाबा

मागच्या महिन्यात पांढरकवड्याचे आम्ही चौघं चक्क समुद्रात जाऊन आलो. आई, बाबा, धाकटा भाऊ निखिल आणि मी... मुंबई ते गोवा, क्रूझने! फोटो टाकल्यापासून सगळे एकच विचारतायत, लॉटरी लागली का? नाही हो... फक्त मन लावून कंजूसपणा केला.

आमचे बाबा ट्रक ड्रायव्हर. सगळी उमर नागपूर-हैदराबाद हायवेवर गेली. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून गेल्या वर्षी ट्रक विकला, पण ड्रायव्हरकी काही सुटली नाही... ऑटोत मागे बसले तरी यांचा उजवा पाय ब्रेक शोधतो.

चालत्या गाडीत त्यांनी डोळे मिटलेले आम्ही कधी पाहिलेच नाहीत. दुसरा कोणी चालवत असला तरी हे समोर टक लावून बसणार. "डोया लागला का मानूस गेला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून माझी फार इच्छा होती, एकदा तरी या माणसाने प्रवाशासारखा प्रवास करावा... अगदी निवांत.

आमच्या घरची अर्थमंत्री मीच. सुट्ट्यांचा सीझन टाळला, शनिवार-रविवार टाळले, तेव्हा कुठे भाडं आवाक्यात आलं. चौघांत एकच केबिन घेतली, तीही बिनखिडकीची, कारण सगळ्यात स्वस्त तीच असते. आणि जाहिरातीतल्या भाड्यावर टॅक्स, बंदराचा खर्च वेगळा लागतो बरं का... आधीच विचारून घ्या, नाहीतर पैसे भरताना घाम फुटतो.

वायफायचं पॅकेज घेतलं नाही. थंड पेयांचं तर नाहीच नाही. फक्त मुंबईत एक दिवस आधी पोचण्याचा खर्च केला, कारण आपली ट्रेन लेट झाली म्हणून जहाज काही थांबत नाही.

पण बाबाच अडून बसले. "कायले पैसे घालवून राह्यली वं? अन् त्या जहाजाले ब्रेक तरी राह्यते का?" निखिलने उत्साहाने मोबाइलवर शोधून सांगितलं, गाडीसारखा ब्रेक नसतो. झालं! आता तर बाबा मुळीच येईनात. शेवटी आईने ब्रह्मास्त्र काढलं, "मी तं चालली पोरायसंग. तुम्ही राहा घरी, सैपाक करून खा." बाबा मुकाट बॅग भरायला लागले.

बंदरावर आईचा चिवडा अडला. बाहेरचं खाणं आत चालत नाही, हे मी वाचलं होतं... पण आईला सांगायची हिंमत कोण करणार? मग तिथेच बाकावर बसून तिने अख्खा डबा रांगेतल्या लोकांना वाटून टाकला. जहाजात शिरायच्या आधीच आमच्या चार ओळखी झाल्या होत्या.

केबिन पाहून बाबा म्हणाले, "याले खिडकीच नाही! समोरचं दिसन कसं?" आणि गेले वर डेकवर. रात्री नुसते पाठ टेकायला आले. सकाळी डोळे लाल... म्हणजे इथेही जागेच होते. मला फार वाईट वाटलं. एवढा आटापिटा करून आणलं आणि हे इथेही ड्युटीवरच!

दुसऱ्या दिवशी दुपारी बफे बंद व्हायची वेळ झाली आणि बाबांचा पत्ता नाही. जेवणाचे पैसे आधीच भरलेले, एक घास सोडायचा नाही असा माझा बाणा. शोधायला निघाले. केबिनमध्ये नाहीत, लॉबीत नाहीत... वायफाय न घेतल्यामुळे फोनही लागेना. मग मात्र मी घाबरले. त्यांचे ते गुडघे, ते जिने, ते कठडे... नको नको ते मनात यायला लागलं. धावतच वर गेले.

वरच्या डेकवर, सावलीतल्या एका आरामखुर्चीत बाबा दिसले, शेजारी आई. गाढ झोपलेले. तोंड उघडं, एक चप्पल पायातून गळून पडलेली, आणि घोरणं असं की वाऱ्यातही ऐकू यावं. चारी बाजूंनी समुद्र, आणि जहाज आपलं चालूच होतं.

"बाबा, उठा नं, जेवण बंद होऊन राह्यलं!" असं म्हणत मी खांद्याला हात लावणार, तर आईने माझा हात धरला. "राहू दे वं. चालत्या गाडीत त्याईले झोपलेलं मी आज पयल्यांदा पाहून राह्यली." बोलताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मी तिथेच खाली बसले. मला रडूही येत होतं आणि हसूही. बफे बंद झाला, संध्याकाळचा शो सुरू झाला... आम्ही कोणीच हललो नाही. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही झालेला नाही.

ऊन उतरल्यावर बाबा दचकून उठले. "अरे! कोन चालवून राह्यलं?" मी म्हटलं, "कॅप्टन आहे नं बाबा." त्यांनी उठून कठड्यावरून खाली पाणी पाहिलं. मग म्हणाले, "बरा हाये डायवर. एक हिसका नाही बसू देला." आणि परत पाय लांब करून पडले!

त्या कॅप्टनचं नाव मला माहीत नाही. चेहराही पाहिला नाही. पण बाबांनी इतकी वर्षं ज्यांचा माल पोचवला, त्यांनी तरी बाबांना कुठे पाहिलं होतं...

साहेब, तुम्ही जागे राहिलात म्हणून आमचे बाबा झोपले. तुमचे मनापासून आभार.