एका पासवर्डातली बिऱ्हाडं

सामायिक भिंत असली की भांडणं होतात, सामायिक नळ असला की मारामाऱ्या होतात, आणि सामायिक पासवर्ड असला की किस्से होतात. आमच्याकडे, म्हणजे कोकणातून इस्रायलला रामल्यात येऊन राहिलेल्या आम्हा ज्यूंकडे, तर इतके साठलेत, की कुणाच्या लग्नात दोन इंडियन टेबलाला बसले की सलाड यायच्या आधी एक निघतोच. त्यातले निम्मे मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. खोटं आहे. मी सगळेच वाढवून सांगतो!

सुरुवात झाली ती आमच्या मजल्यावरच्या एलायजामामांमुळे. रूबीमामी गेल्या आणि मामांच्या लक्षात आलं, की घरात मामींचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. मामी लग्नाआधी मुंबईला रेडिओवर गायच्या. लग्नानंतर फक्त स्वयंपाकघरात, आणि तेही मामा आत आले की गप्प! "उभ्या जन्मात तिनं मला समोर बसवून एक गाणं ऐकवलं नाही," मामा सांगायचे, "म्हणायची, तुम्ही हसाल."

माझी पुतणी ओर्ली तेल अवीवला कॉम्प्युटर कंपनीत. तिनं शोधून काढलं, की अमेरिकेतला कुणी मुंबईकर म्हातारा जुन्या रेडिओची रेकॉर्डिंगं एका न्यूजग्रुपवर चढवतोय. आज ना उद्या रूबीमामी सापडतील! तेवढ्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे भरून एकच खातं काढलं. मामांना हवा होता एक आवाज. बाकीच्यांना हवे होते पिक्चर.

न्यूजग्रुप म्हणजे काय, हे मी सगळ्यांना असं समजावलं: हा जगभरच्या लोकांचा फळा. कुणीतरी फाइलचे तुकडे करून त्यावर चिकटवतो, आपण ते काढून आणून घरी जोडायचे. थोड्या दिवसांनी फळा पुसतात. उशीर केला की गेलं!

*

पहिलं भांडण पासवर्डावरून. मी म्हटलं पेण ठेवा, आम्ही तिथले. समोरच्या बिल्डिंगमधल्या सोफीबाई म्हणाल्या, "का? नागावला काय धाड भरलीय?" लांब नेतिवोत गावाहून माझा चुलतभाऊ बेंजामिन फोनवर ओरडत होता, "रेवदंडा! रेवदंडा!" ओर्लीचा जन्म इथलाच, तिला ही सगळी गावं सारखीच. ती कपाळाला हात लावून हिब्रूत म्हणाली, "डाय! पुरे!"

शेवटी ज्या गावचं आमच्यात कुणीच नव्हतं, त्या गावाचं नाव ठेवलं. आमच्या लोकांत झालेलं ते पहिलं आणि शेवटचं एकमत!

*

खात्याचा नियम असा, की एका वेळी एकानंच आत जायचं. दुसरा शिरला की पहिला बाहेर फेकला जातो आणि त्याचं डाउनलोड अर्धवट तुटतं. म्हणून मामांनी युक्ती काढली: जो आत असेल त्यानं बाल्कनीत लाल टॉवेल टाकायचा.

एकदा सोफीबाईंचा टॉवेल आठवडा झाला तरी हलेना. आम्ही सगळे हात बांधून बसलो. नेतिवोतहून टॉवेल दिसत नाही, म्हणून बेंजामिन रोज मला फोन करून विचारायचा, "अजून आहे का रे?" त्याच्या बायकोला संशय यायला लागला.

शेवटी मामाच गेले. "सोफीबाई, एवढं काय उतरवताय?"

"छे हो! मी कधीच उठले."

"मग टॉवेल?"

"वाळला नाही ना अजून!"

रामल्यात! ऑगस्ट महिन्यात, जेव्हा इथे पावसाचा थेंब पडत नाही!

*

सोफीबाईंनी एकदा हिंदी पिक्चर उतरवला आणि शेजारपाजार जमवला. नेमका मधला भाग फळ्यावरून पुसला गेलेला. हिरो कोर्टात उभा आहे, आणि पुढच्या क्षणी त्याच्या बहिणीचं लग्न! लोक ओरडायला लागले.

सोफीबाई टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. "ओरडू नका, मी सांगते." मग त्यांनी वकील केला, जज केला, आई केली, आईचा हंबरडा फोडला. दोन बायका खरंच रडल्या.

पुढे तो हरवलेला भाग ओर्लीनं कुठूनतरी मिळवून दिला. आम्ही पुन्हा जमलो, मुकाट्यानं बघितला. दिवे लागल्यावर मामा म्हणाले, "ह्यात आई काही तितकीशी बरी नाही."

*

मग एक दिवस सगळ्यांचीच डाउनलोडं तुटायला लागली. टॉवेल कुणाचाच नाही आणि आत कुणीतरी आहे! सोफीबाई माझ्याकडे संशयानं बघायच्या, मी त्यांच्याकडे. ओर्लीनं बेंजामिनला फोन लावला. काकाला ती हिब्रूत दोड म्हणते. "दोड बेंजामिन, तुम्ही पासवर्ड कुणाला दिलात?"

"मी? देवाशपथ, कुणालाही नाही!"

"नक्की?"

"एक आमच्या फॅक्टरीतला फोरमन सोडला तर. तो काय, घरचाच आहे."

हा फोरमन मोरोक्कोवाला, आवाज असा की मशीन बंद पडावं. आम्ही त्याची खरडपट्टी काढायची ठरवली, तर त्याचाच मला फोन! "तुमच्यातला कोण सारखा मध्ये घुसतोय? माझं काम तुटतंय! जरा शिस्त लावा तुमच्या लोकांना!"

"मग काय म्हणालास?" बायकोनं विचारलं.

काय म्हणणार? सॉरी म्हणालो.

*

ह्या सगळ्या धुडगुसाचा व्हायचा तो परिणाम झाला. सर्व्हिसवाल्यांनी विचारलं, की एकच खातं इतक्या ठिकाणांहून कसं उघडतं? खुलासा करा, नाहीतर बंद करू.

मामांचा चेहरा उतरला. पिक्चर काय, दुकानातही मिळतात. रूबीमामी कुठल्या दुकानात मिळणार?

"लिही," ते ओर्लीला म्हणाले, "की आम्ही एकच कुटुंब आहोत."

"मामा, इतक्या घरांत?"

"त्यांना म्हणावं, एका घरात मावलो असतो तर देश सोडून कशाला आलो असतो?"

ओर्लीनं हसत हसत तसंच्या तसं लिहून पाठवलं. उत्तर आलं: ठीक आहे, पण कुटुंबातल्या मंडळींनी पाळीपाळीनं, समजुतीनं यावं.

त्या माणसाला कुटुंब नसणार!

*

आणि मग तो शुक्रवार. दुपारी ओर्लीचा ट्रेनमधून फोन. "दोड, आलं! त्या म्हाताऱ्यानं चढवलंय. रूबीमामींचं नाव आहे!"

मामांच्या घरी ओर्लीचाच जुना कॉम्प्युटर, लाइन गोगलगाय. स्टेशनवरून ती धावतच आली आणि तिनं डाउनलोड लावलं, पण संपायला दुसरा दिवस उजाडणार. आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार; मामा तर तो कडक पाळणारे! दिव्याचं बटणसुद्धा दाबणार नाहीत.

"बंद करू का?" ओर्लीनं विचारलं.

मामांनी जरा विचार केला. "शब्बाथचं पातेलं आपण आजच शेगडीवर चढवतो ना? रात्रभर आपलं आपण शिजतं. झाकण उघडायचं नाही, ढवळायचं नाही. तसंच हे." आणि त्यांनी मॉनिटरवर पांढरा रुमाल घातला.

मी सगळ्यांना फोन केले. सोफीबाईंनी टॉवेलच कपाटात कुलूप लावून ठेवला. फोरमन म्हणाला, "आईशप्पथ, बोट लावणार नाही. म्हातारीचं गाणं आलं की मला कळवा."

शनिवारी दुपारी आम्ही सगळे मामांच्या हॉलमध्ये. ओर्लीनं रुमालाचं टोक उचलून बघितलं आणि नुसती मान डोलावली. पूर्ण आलं होतं! पण शब्बाथ सुटेपर्यंत लावायचं कसं?

ओर्लीला धीर निघेना. "मामा, मी कुठे पाळते? मी दाबते बटण!"

"तू दाबशील गं. पण कान माझेच ना?"

आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो. अंधारायला लागलं तसे आम्ही सगळे बाल्कनीत माना वर करून उभे. सोफीबाई ओरडल्या, "तो बघा एक! पाण्याच्या टाकीवर दुसरा!" ओर्ली नाचायलाच लागली, "आणि तो तिसरा! शालोश! शालोश!"

शब्बाथ सुटला, खाली लोकांनी सिगारेटी पेटवल्या. गाड्या चालू झाल्या. समोरच्या घरात टीव्ही लागला. मामा आपले कठडा धरून वर बघत उभे.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मामा, आकाश ताऱ्यांनी भरलंय."

मामांनी नजर खाली केली नाही.

"मला तर बुवा दोनच दिसतायत," ते म्हणाले.