पुठ्ठ्याखालची सही

संध्याकाळचं ऊन खिडकीतून भिंतीवर उतरतं, त्याचा चौकोन होतो आणि खालचा उजवा कोपरा तेवढा पडद्याच्या सावलीत बुडतो. त्या कोपऱ्याकडे मला पाहवत नाही.

इस्पितळाच्या मदतीसाठी प्रदर्शन भरवून विकायला आम्ही चित्रं मागितली होती. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी आपलं नदीचं चित्र दिलं. फ्रेमवाला म्हणाला, "साहेब, कडेच्या पुठ्ठ्याखाली उजव्या कोपऱ्यातली सही झाकली जातेय." मी म्हणालो, "जाऊ द्या हो. सगळ्या फ्रेमा एका मापाच्या दिसायला हव्यात."

प्रदर्शनात सर वाकून बराच वेळ तो कोपरा पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून हसले. "काय रे, माझी सही पुरात वाहून गेली वाटतं!"

मीही हसलो. "फ्रेमवाल्याचा गाढवपणा, सर," असं म्हणालो. सर आता नाहीत. तो गाढवपणा माझा होता, हे आज प्रथमच लिहितोय.

ती नदी आता कुणा अनोळखी घरात असेल. तिथंही याच वेळी ऊन पाण्यावर उतरत असेल, सरकत सरकत कोपऱ्याकडे जात असेल आणि पुठ्ठ्याच्या काठाशी थबकत असेल. घरातलं कुणी पाहुण्यांना सांगत असेल, "कुणी काढलंय, ठाऊक नाही. पण पाणी बघा कसं हलतंय."