पंक्चरवालीचं मत आणि मिस्त्रीचं

पंक्चरवालीच्या तोंडी लागायला गल्लीत सहसा कुणी धजावत नसे. दुकान ते केवढं, एक शटर, एक कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून बघायचं घमेलं आणि भिंतीला टेकवलेले टायर. पण बाई बोलायला लागली की पुढचा माणूस पैसे टेकवून मुकाट्याने वाटेला लागायचा. दुकान मुळात नवऱ्याचं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तरुणपणी तो शर्यतीच्या गाड्यांच्या मागे गावोगाव हिंडलेला. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. तेव्हापासून पाना तिच्या हाती आला आणि त्याच्या वाटचं बोलणंही तिच्याकडेच आलं. कुणी मिस्त्रीला चहा विचारला, की तो तोंड उघडेपर्यंत ही सांगून मोकळी, "नको, त्यांना साखर चालत नाही."

दुकानामागे सार्वजनिक बाग होती. बागेभोवती रुंद, सपाट रस्ता आणि कडेने बाकं. रोज सकाळी ती त्याला तिथे घेऊन जाई. तिच्या दंडाला धरून तो एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत पाय ओढत जाई, दम खाई, पुन्हा उठे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, चालले तर सुधारतील, बसले तर बसलेच.

आणि नेमक्या त्याच रस्त्यावर मोटारींची शर्यत भरवायचं घाटत होतं. ही बातमी आणली तिच्या धाकट्या भावाने. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, व्यापाऱ्यांचा तो पुढारी. बाकं उखडावी लागतील, कठडे घालावे लागतील, बाग दोनेक महिने बंद राहील. पण माणसं लोटतील, सगळ्यांचाच धंदा होईल. ताईचं पोटच टायरवर, तेव्हा ती पहिली आपल्या बाजूला, असा बिचाऱ्याचा हिशेब. तो सांगत होता तेव्हा मिस्त्री पुढे वाकून काहीतरी म्हणायला लागला.

"बघ, नुसत्या नावाने घाबरे झाले," ती म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "आवाज सोसत नाही त्यांना. चालता हो इथून."

मग वस्तीची दोन शकलं झाली. शेजारी शेजाऱ्याकडे बघेना. रात्रीतून फलक फाटू लागले, मग गाड्यांचे टायरही. फाटलेले टायर दोन्हीकडचे लोक हिच्याकडेच आणत आणि ती दोघांनाही सारखंच झापत असे. एका सकाळी तिच्या शटरवर दगड बसला. तिने तो उचलून, दुरुस्तीची गाडी सरकू नये म्हणून, चाकाखाली उटीसारखा लावला. भावाशी बोलणं तर केव्हाच तुटलं होतं.

निकाल शाळेच्या सभागृहात लागायचा होता. वस्तीची जुनी रीत, चिठ्ठ्या नाहीत, हात वर करणं नाही. ठरावाच्या बाजूचे लोक खिडक्यांकडे जाऊन उभे राहायचे, विरोधातले दाराकडे. लपायला जागाच नाही.

तिची बोलायची पाळी आली तेव्हा तिने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यांच्याकडे बघा," ती म्हणाली. "हा माणूस त्या बाकांच्या आधाराने पुन्हा चालायला शिकतोय. ह्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, घास मी भरवते. तुमच्या गाड्यांपायी ह्यांनी परत खाटेवर पडायचं का?"

भावाने मान खाली घातली. आपण जिंकलो, हे तिला कळलं. नवऱ्याचे कान लालबुंद झालेत, हे मात्र तिने पाहिलं नाही.

अध्यक्षांनी उठायला सांगितलं. तिने दंड पुढे केला. "चला."

त्याने तो धरला नाही. "मला," तो म्हणाला, शब्द जुळवायला त्याला वेळ लागला, "विचारलंस?"

पुढच्या खुर्चीची पाठ धरून तो उठला आणि खिडक्यांकडे निघाला. मधे धरायला काही नव्हतं. उजवा पाय फरशीवर घासत होता. एकदा तो इतका कलला की भाऊ धावला.

"हात लावू नकोस त्यांना," ती ओरडली. आपण असं का म्हणालो, ते तिचं तिलाच कळेना.

मिस्त्री पोचला. खिडकीचा गज धरून वळला. "गाड्या," तो म्हणाला, "बघायच्यात मला."

मग दाराकडे निघालेली बरीच माणसं घुटमळली. ज्याच्यासाठी विरोध करायचा, तोच तिकडे. एकेक करत ती खिडक्यांकडे वळली आणि शर्यत मंजूर झाली.

पंक्चरवाली मात्र दाराकडेच जाऊन उभी राहिली. तिला त्याचा भयंकर राग आला होता. चारचौघांत नाक कापलं होतं त्याने. आणि तो एकटा चालला होता, म्हणून तिला रडूही येत होतं. शेवटी ती एक खुर्ची उचलून त्याच्यापाशी गेली. त्याचे पाय लटपटत होते.

"मी अजून विरोधातच आहे," ती म्हणाली. "उद्या बाकं उखडायला आले, तर आडवी पडेन."

"पड," मिस्त्री म्हणाला आणि तिने ठेवलेल्या खुर्चीत बसला.