आठल्ये सरांच्या कानांचा हेवा

श्री. केशवराव आठल्ये यांना मी पहिल्यांदा पाहिले ते रामनगरमध्ये, एका भंगारवाल्याच्या दुकानासमोरच्या बाकावर. बँकेने नागपूरहून माझी वाराणसीला बदली करून दोनच महिने झाले होते. बिऱ्हाड अजून नीट लागले नव्हते, पण जुन्या रेकॉर्ड कुठे मिळतात याचा पत्ता मी काढला होता. जमीलभाई नावाच्या त्या दुकानदाराने निरोप पाठवला होता की एका जुन्या हवेलीतून खोका आला आहे आणि त्यात तुमच्या त्या ठुमरीवाल्या बाईंची रेकॉर्ड आहे. ही रेकॉर्ड मी नऊ वर्षे शोधत होतो. रविवारी सकाळी चहासुद्धा न घेता मी गंगेवरचा पूल ओलांडून पलीकडे रामनगरला गेलो.

"देर कर दी, साहब," जमीलभाई म्हणाला. "मास्टरसाहब ले गए. वो बैठे हैं."

बाकावर एक उंच, सडपातळ गृहस्थ आपल्या गमछ्यात रेकॉर्ड बांधत होते. मी मराठी आहे हे कळताच ते उठून उभे राहिले. "तुम्ही पण शौकीन दिसता! तुम्हाला हवी होती काय ही? मग तुम्हीच न्या. मी काय, इथलाच आहे, मला मिळेल पुन्हा." आणि त्यांनी खरोखरच गाठ सोडायला घेतली.

माझ्या तोंडून निघाले, "नको, नको. माझ्याकडे आहे."

"अरे वा! मग सांगा, तुमच्या प्रतीत दुसऱ्या बाजूला खरखर आहे का?"

"थोडीशी," मी म्हणालो.

आमच्या स्नेहाचा पाया असा माझ्या दोन खोट्या वाक्यांवर घातला गेला. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला सांगितले, तेव्हा मी संपादकांना स्पष्ट म्हणालो की मला सरांबद्दल आदर आहे, पण त्याहून जास्त हेवा आहे. तो वगळून लिहिले तर लेख खोटा होईल. ते म्हणाले, "तसाच लिहा."

सरांचे घराणे पाच पिढ्या काशीत आहे. अहिल्याबाई घाटाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते राहतात. भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांनी आयुष्य काढले. त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी आठ-दहा माणसे ऐकायला जमतात. मी पहिल्यांदा गेलो तो खरे तर त्यांचा संग्रह पाहायला, आणि मनातल्या मनात त्याला नावे ठेवायला. माझ्याकडे रेकॉर्ड जास्त होत्या, प्लेयर चांगला होता, प्रत्येक रेकॉर्डला नवे पाकीट होते आणि सगळे कलावंतांच्या नावांनुसार अकारविल्हे लावलेले होते. सरांच्या कपाटात मात्र भजनाशेजारी सतारवादन आणि सतारीशेजारी नाट्यगीते. मी विचारले, "यात सापडतं कसं तुम्हाला?"

सरांनी एक जाड वही पुढे केली. रेकॉर्ड ज्या घरातून आली त्या घराच्या नावाने त्यांनी संग्रह लावला होता. एका घरातल्या सगळ्या रेकॉर्ड एकत्र, आणि वहीत नोंद: कोणाकडून आल्या, त्या घरात कोण ऐकत असे, कोणती जास्त वाजलेली आहे. "माणसानं एकेक करून निवडलेल्या असतात हो," ते म्हणाले. "आपण त्यांची ताटातूट कशाला करायची?"

मला ती पद्धत हास्यास्पद वाटली. एका रेकॉर्डवर तर एवढा मोठा चरा होता की सुई दर फेऱ्याला टक्‌ टक्‌ करी. "ही तरी टाकून द्या," मी म्हणालो. सर नुसते हसले.

दोन वर्षांनी पुण्याच्या एक बाई वडिलांचे विधी करायला दशाश्वमेध घाटावर आल्या. त्यांचे वडील तरुणपणी इथे रेल्वेत नोकरीला होते. विधी सांगणारे उपाध्याय आमच्या रविवारच्या मंडळींतले; बोलता बोलता त्यांना हे आडनाव सरांच्या वहीतले वाटले आणि त्यांनी बाईंना सरांकडे आणून सोडले. तो रविवार होता, मी तिथेच बसलो होतो. सरांनी वही उघडली आणि कपाटातून त्या घराच्या सात रेकॉर्ड काढल्या. बदलीच्या वेळी वडिलांनी विकलेल्या. बाईंनी त्या नुसत्या हातात धरल्या. मग सरांनी एक लावली, आणि टक्‌ टक्‌ सुरू झाले. मी कपाळाला आठ्या घातल्या. बाई मात्र एकदम ताठ बसल्या.

"हे मी केलंय," त्या म्हणाल्या. "चार वर्षांची होते मी. सुई धरून ओढली. आई मारायला धावली, तर बाबा म्हणाले, असू दे, आता ही आपलीच आहे हे ओळखू येईल."

त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. सरांनी सातही रेकॉर्ड त्यांना बांधून दिल्या आणि वहीत त्या पानावर लिहिले, "घरी परत गेल्या." मी घरी येऊन माझ्या स्वच्छ, अकारविल्हे लावलेल्या कपाटासमोर बसलो. माझ्या घरी येऊन असे कोणी कधी रडणार नव्हते. त्या दिवशी मी बायकोवर उगीचच चिडलो.

आता मला जे लिहायचे आहे ते सोपे नाही. माझ्याकडे एक ॲम्प्लिफायर होता. पाऊण तास चालून तापला की त्याचा डावीकडचा आवाज खाली बसे. दुरुस्ती करून कंटाळलो होतो. विश्वविद्यालयात गाणे शिकवणाऱ्या शुभदाताईंना असा ॲम्प्लिफायर हवा होता. मी त्यांना सांगितले, "अगदी चोख आहे." त्या म्हणाल्या, "सरांना एकदा ऐकवू या, मग नेते." जुने सामान घेण्याआधी आमची सगळी मंडळी सरांच्या कानांवरच विसंबत.

सर आले. वीस मिनिटे ऐकून झाल्यावर मी बंद करायला उठलो, तर ते म्हणाले, "राहू द्या. सगळं ऐकू या, घाई काय आहे?" त्यांनी तळहात ॲम्प्लिफायरवर ठेवला होता. रेकॉर्डची दुसरी बाजू झाली, मग दुसरी रेकॉर्ड लागली. शुभदाताई माझ्या बायकोबरोबर आत चहा करायला गेल्या आणि नेमका तेव्हाच डावा आवाज बसायला लागला.

सर हळू आवाजात म्हणाले, "माधवराव, डावीकडचा आवाज जातोय. तुम्हाला माहीत असेलच."

"नाही बुवा. आजच पहिल्यांदा होतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावलेले नव्हते, माझीच लाज वाटून तेच अवघडले होते. मग म्हणाले, "तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर दोष पकडला असं होईल. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत असंच होईल."

शुभदाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. मी सांगितले: तापला की एक बाजू बसते, आणि हे मला आधीपासून ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर कोण सांगतं हो हल्ली?" सरांनी स्वतः तो ॲम्प्लिफायर रिक्षात घालून ओळखीच्या कारागिराकडे नेला, जळका भाग बदलून घेतला आणि मगच शुभदाताईंकडे पोचवला. आजही तो त्यांच्याकडे वाजतो आहे.

यानंतर मी सरांचे आभार मानले असतील असे वाचकांना वाटेल. मी महिनाभर त्यांच्याकडे गेलो नाही. मला उघडे पाडायची संधी त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती घेतली नाही, हे मला सहन होईना. त्यांनी चारचौघांत माझे माप काढले असते तर मला त्यांचा निदान द्वेष तरी करता आला असता.

तीनेक वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सरांनी मैफल अर्ध्यात थांबवली. सुई उचलून ते म्हणाले, "मंडळी, एक सांगायचं राहिलंय. तानपुऱ्याचा वरचा झंकार मला आता ऐकू येत नाही. डॉक्टरांनी कानाचा आलेख काढून दाखवला. एका ठिकाणाहून रेघ सरळ खालीच उतरलीये. तेव्हा माझ्या भरवशावर कुणी काही सामान घेऊ नका. माधवरावांना विचारा. त्यांचे कान आधीपासून माझ्याहून तेज आहेत."

दुसरा कुणी असता तर त्याने ही गोष्ट मरेपर्यंत लपवली असती. मी तर नक्कीच.

वीस वर्षे मला जे हवे होते ते असे आपण होऊन चालत आले. लोक माझ्याकडे येऊ लागले. पहिला आठवडा मी हवेत होतो. मग एक नवे जोडपे जुना प्लेयर घेऊन आले. त्यातला नवरा म्हणाला, "सर ने कहा है, माधवराव जी झूठ नहीं बोलेंगे." मी प्लेयर तपासला आणि त्याच्यातले पाच दोष एका कागदावर लिहून दिले. तेव्हापासून लिहूनच देतो.

त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेलो आणि विचारले, "तुम्ही असं कसं सांगता लोकांना? शुभदाताईंचा ॲम्प्लिफायर विसरलात काय?"

"विसरेन कसा?" सर म्हणाले. "तुम्हीच तर सांगितलं होतंत तिला."

मग मी रामनगरची गोष्टही सांगून टाकली, की ती ठुमरीची रेकॉर्ड माझ्याकडे नव्हती, आजही नाही. सर मोठ्याने हसले. "मला वाटलंच होतं! माझ्या प्रतीत दुसऱ्या बाजूला खरखर मुळीच नाहीये." त्यांनी ती लावली आणि आम्ही दोघांनी दोन्ही बाजू ऐकल्या. त्यांनी ती पुन्हा देऊ केली, तेव्हाही मी घेतली नाही. या वेळी मात्र खोटे कारण सांगितले नाही. म्हणालो, "इथेच येऊन ऐकेन."

रविवारची मंडळी अजून जमतात. वरचे स्वर येतात तेव्हा सर डोळे उघडतात आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहतात. मी एकदा विचारले, "काय पाहता?" तर म्हणाले, "तुम्हाला ऐकू येतंय ते दिसतं ना." मला दोन्ही कानांनी सगळे ऐकू येते, पण त्या खोलीत सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच होतो, आणि तो कसा मिळवायचा हे मला अजून जमलेले नाही.

सरांना उदंड आयुष्य लाभो. गुडघे धड राहोत, दुसऱ्या मजल्याचा जिना चढता येवो, आणि डॉक्टरांच्या आलेखावरची ती रेघ आहे तिथेच थांबो. त्यांच्या शंभरीच्या ग्रंथातही मला लिहायचे आहे. तोवर माझा हेवा कमी होईल असे मला वाटत नाही. आणि तो कमी करायची माझी इच्छाही नाही.